डॉ. आनंदीबाई जोशी : हट्ट कोणाचा?

दरवर्षी स्मरणिकेसाठी संपादक मंडळी माझ्याकडून एखादा आरोग्यविषयक लेख मागतात. मधुमेह लिहून झाला, रक्तदाब झाला, गुडघेदुखी तर दोनदा झाली. यंदा मी आधीच परवानगी काढून ठेवली, की आजाराऐवजी एका डॉक्टरविषयी लिहीन. त्या डॉक्टरांनी नोकरी अशी एक दिवसही केली नाही. तरीही त्यांच्याविषयीच लिहायचे होते, आणि त्याला कारण आमच्या वर्गातली नवी मुले आहेत.

मी इथे सेक्टर 32 च्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते, हे मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. 2019 पासून देशभर एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. आता पहिल्याच वर्षी वृत्ती, नीती आणि संवाद असा एक भाग शिकवावा लागतो. त्यातले पहिले दोन धडे असे आहेत : डॉक्टर असणे म्हणजे काय, आणि रुग्ण असणे म्हणजे काय. आमच्या वेळी यातले काहीच नव्हते. आम्ही पहिल्या दिवशी थेट शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये.

या धड्यांच्या वेळी मी मुलांना नाव न घालता एका चिठ्ठीवर लिहायला सांगते, की तुम्ही इथे कशासाठी आलात. उत्तरे ओळखीची असतात. कोणाची आजी दवाखान्यात नेताना वाटेत गेली. कोणाच्या वडिलांचे नर्सिंग होम आहे. कोणाला मान हवा असतो, कोणाला पक्की नोकरी. नीटमध्ये गुण मिळाले म्हणून आलो, असेही मुले प्रामाणिकपणे लिहितात. आणि घरच्यांची इच्छा होती, एवढेच लिहिलेल्या चिठ्ठ्या दर वर्षी निघतात. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतून मुले कोटाला गेली, काही इथेच 34 सेक्टरच्या क्लासला जातात. तेव्हा ही चिठ्ठी आपल्याही घरातली असू शकते.

म्हणून मी वर्गात आनंदीबाईंची गोष्ट सांगते, हिंदीत. पंजाब-हरियाणाच्या मुलांनी हे नाव बहुधा ऐकलेले नसते. एका वर्षी गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की मॅडम, डॉक्टर व्हायची इच्छा तिची होती की तिच्या नवऱ्याची? आपण महाराष्ट्रात शाळेपासून आनंदी-गोपाळ असे जोडनाव ऐकत आलो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मला तो रास्त वाटला. तो समोर ठेवूनच आता हे चरित्र सांगते.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचे नाव यमुना, वडील गणपतराव जोशी. बालपण कल्याणच्या पारनाक्यावरच्या वाड्यात गेले. घर जुन्या वळणाचे आणि एके काळचे सधन. नवव्या वर्षी, 1874 साली, तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवू द्यायचे, ही त्यांची लग्नाआधीच घातलेली अट होती. त्या काळी हुंड्याच्या, मानपानाच्या अटी घालणारे वर गावोगाव होते. शिक्षणाची अट घालणारा हा एकटाच म्हणायचा.

एकूण माणूस विलक्षण तऱ्हेवाईक होता. स्त्रियांनी शिकावे हा त्यांचा ध्यास खरा होता, आणि त्यासाठी घरात चालवलेली जबरदस्तीही तितकीच खरी होती. अभ्यास टाकून छोटी आनंदी स्वयंपाकघरात रमली की ते संतापत. दुसऱ्या घरी बायको चूल सोडून पुस्तक घेऊन बसली म्हणून मार खाई. इथे उलटे होते. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी याचा सरळ हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, हे सगळे त्यांनी आठवून लिहिले. आणि पुढे म्हटले, की तुमचे वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे अवघड आहे. शेवटचा हेतू पाहिला तर बरोबर वाटते, पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होतो हे पाहिले तर चूकच म्हणावे लागते. मारणाऱ्याविषयी इतक्या समतोलपणे लिहिणारी ही मुलगी तेव्हा विशीलाही पोचली नव्हती.

म्हणजे शिक्षणाचा हट्ट गोपाळरावांचा, हे उघड आहे. पण शिकायचे ते डॉक्टरीच, हे कुठून आले?

1878 च्या सुमारास, तेराचौदाव्या वर्षी, आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळचे बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि सुईण. डॉक्टर म्हणजे पुरुष, आणि बहुधा गोरा. त्याला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देणार कोण? कित्येक घरांत बाईची नाडीसुद्धा पडद्याआडून दाखवत. आजार सांगायची लाज, दाखवायची त्याहून मोठी लाज, आणि त्या लाजेपायी जीव जाई. हे दुःख आनंदीबाईंना पुस्तकातून कळलेले नव्हते.

माझ्या मते गोष्टीचा सांधा इथे आहे. मात्र एक लक्षात घ्यावे. मूल गेलेल्या आया त्या वेळी घरोघरी होत्या. आपले दुःख उगाळत बसणे किंवा दैवावर सोपवणे, हेच सगळ्या करत, आणि त्यांना दुसरे करता येण्यासारखे तरी काय होते? आनंदीबाईंच्या हाती गोपाळरावांनी मारून-मुटकून दिलेले अक्षर होते. त्या अक्षरामुळे स्वतःच्या दहा दिवसांच्या बाळाच्या दुःखातून त्यांना बाकीच्या बाळंतिणी दिसू लागल्या. हट्ट नवऱ्याचा होता, कारण त्यांचे स्वतःचे होते. दोन्ही एका ठिकाणी आले.

इंग्रजीतल्या एम्पथीला मराठीत कोणी समानुभूती म्हणतात, कोणी परानुभूती. मला साधा सहवेदना हा शब्द बरा वाटतो, कारण त्यात वेदना आहे.

गोपाळरावांची कोल्हापूरला बदली झालेली असताना त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र घातले, की बायकोला अमेरिकेत शिकायला पाठवायचे आहे, माझ्यासाठी तिथे काही काम मिळेल का. ख्रिस्ती झालात तर जमेल, अशा अर्थाचे उत्तर आले. ते या पतिपत्नीला मान्य नव्हते, आणि विषय तिथेच संपायचा. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कारपेंटर या बाई 1880 साली दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेले मासिक त्यांनी चाळले, त्यात हे पत्र वाचले आणि घरी जाऊन या अनोळखी हिंदू मुलीला लिहिले. दवाखान्यात वाट बघताना आपण सारेच जुनी मासिके चाळतो. त्यातून एवढे काही घडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

दोघींची पत्रे वाढत गेली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृतीच्या तक्रारी तेव्हाच सुरू झाल्या होत्या : डोकेदुखी, बारीक ताप, कधी धाप. मावशीने अमेरिकेतून औषधे पाठवली. दरम्यान गोपाळरावांच्या बदल्या चालूच होत्या : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि 1881 मध्ये कलकत्ता. बदलीची नोकरी म्हणजे काय, हे आपल्या मंडळातल्या फौजेतल्या आणि बँकेतल्या कुटुंबांना सांगायला नको. प्रत्येक गावी नवी भाषा, नवा शेजार, आणि रस्त्याने नवऱ्याबरोबर चालणारी, पुस्तके घेतलेली बायको बघून हसणारे लोक. बंगालमध्ये हा त्रास विशेष झाला.

शेवटी गोपाळरावांनी ठरवले, की दोघांना जमत नसेल तर तिने एकटीने जावे. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. वय सतरा, अठरावे पूर्ण व्हायला महिना बाकी. लोक मागे जे प्रश्न कुजबुजत होते ते त्यांनी स्वतःच एकेक करून पुढे घेतले. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटीच का? जातीबाहेर टाकले तर? तिथे काही बरेवाईट झाले तर? आणि कोणीच करत नाही ते तूच का करतेस? प्रत्येकाला उत्तर दिले. हिंदू स्त्रियांना उपचार करणाऱ्या हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी भर सभेत सांगितले. मला त्या भाषणात शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. आमच्या चिठ्ठीवरचा प्रश्नही तोच आहे, फक्त आमच्या मुलांना तो कोणी खवचटपणे विचारत नाही.

7 एप्रिल 1883 ला त्या सिटी ऑफ कलकत्ता या बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. कारपेंटर मावशी घ्यायला हजर होत्या. रोझेलच्या घरातूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते पत्र आजही जपून ठेवलेले आहे. त्याचा आशय मी मुलांना सांगते. माझी तयारी कदाचित तुमच्या नियमांइतकी नसेल, असे त्यांनी आधीच मान्य केले. मग आपला हेतू लिहिला : माझ्या देशातल्या आजारी बायकांना खरी वैद्यकीय मदत पोचवायची आहे, कारण पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात. त्यात स्वतःच्या गेलेल्या बाळाचा आधार घेऊन दया मागितलेली नाही. दुःख होते आपले, पण अर्ज दुसऱ्यांसाठी केला.

हे कॉलेज 1850 साली सुरू झालेले, स्त्रियांसाठी जगातल्या अगदी सुरुवातीच्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक. डीन होत्या रेचल बॉडली, मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीची सोयही केली.

त्यानंतरची तीन वर्षे आपल्याला गौरवगीतासारखी सांगितली जातात. प्रत्यक्षात ती फार खडतर होती. राहायची खोली थंड, आणि शेकोटी पेटवली की धूर कोंडे. म्हणजे कुडकुडायचे किंवा गुदमरायचे, एवढीच निवड. नेसायला लुगडे, खाणे शाकाहारी, आणि अभ्यास सांभाळून स्वयंपाक आपल्या हाताने. आपल्यालाही चंदीगडच्या पहिल्या जानेवारीत धुके आणि थंडीने रडवले होते, पण इथे निदान पोळीभाजी मिळत होती. त्यातच घटसर्पाने गाठले. तब्येत खालावत गेली ती पुन्हा सावरलीच नाही. गोपाळरावांची पत्रे येत, पण त्यांत कौतुकाबरोबर टोमणे आणि संशयही असे. नंतर ते स्वतः अमेरिकेत आले आणि तिथल्या समाजावर टीका करणारी व्याख्याने देत फिरू लागले. बायकोच्या यजमानांना त्यामुळे किती अवघडले असेल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

इथे आजची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांमधली सहवेदना मोजण्यासाठी जगभर जी प्रश्नावली वापरतात, ती याच फिलाडेल्फिया शहरातल्या जेफर्सन मेडिकल कॉलेजात तयार झाली. वीस विधाने असतात, आणि प्रत्येकाशी किती सहमत आहात ते एक ते सात या मापाने सांगायचे. तिथल्याच होजात आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष गाजला : पहिली दोन वर्षे मुलांची सहवेदना साधारण टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी उतरते. तिसरे वर्ष म्हणजे नेमके तेच, जेव्हा मुले पुस्तक सोडून खऱ्या रुग्णांजवळ जातात. सगळ्या देशांत असेच आढळले असे नाही. पण वॉर्डात काम केलेल्या कोणालाही यात काय म्हटले आहे ते कळेल. झोप नाही, वरिष्ठांची भीती, खाटेवरचा माणूस हळूहळू खाट क्रमांक होऊन जातो. चिठ्ठीवर आजीविषयी लिहिणारे मूल कुठे हरवते ते त्याचे त्यालाही समजत नाही. (या जेफर्सन कॉलेजने मुलींना प्रवेश दिला तो थेट 1961 मध्ये. आनंदीबाई तिथे गेल्या असत्या तर दारातूनच परतल्या असत्या.)

आनंदीबाईंचे तिसरे वर्ष कसे गेले? आजारपणात गेले, पण हेतू उतरला नाही. पदवीसाठी जो प्रबंध त्यांनी लिहिला त्याचा विषय होता हिंदू आर्यांमधले प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत राहून एखादा नवा, तिथल्या लोकांवर छाप पाडणारा विषय घेता आला असता. त्या आपल्या बाळंतिणीच्या खोलीतच परत गेल्या, आणि जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांतले ज्ञान नव्या शास्त्राशेजारी मांडले. त्या अंधाऱ्या खोलीतून जाऊन आलेली दुसरी विद्यार्थिनी त्या वर्गात नसणार. आमच्या अभ्यासक्रमातला दुसरा धडा, रुग्ण असणे म्हणजे काय, त्या पहिल्या धड्याच्या आधीच शिकून आल्या होत्या आणि आजारपणामुळे रोज पुन्हा शिकत होत्या. त्यांची सहवेदना टिकली याचे कारण मला हे वाटते. आमच्या धडधाकट, अठरा वर्षांच्या मुलांना ते कसे शिकवायचे, हा माझ्यासारख्या शिक्षकांपुढचा खरा प्रश्न आहे. आजार तर काही अभ्यासक्रमात घालता येत नाही. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ओपीडीच्या रांगेत केसपेपर काढण्यापासून पूर्ण एक सकाळ उभे करते. पांढरा कोट घालायचा नाही, ओळख सांगायची नाही. त्या दिवशी वर्गात परतलेली मुले जरा शांत असतात.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. विसाव्या वर्षी, एकविसावे पूर्ण व्हायला वीस दिवस असताना, त्या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. आजचे कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय ते हेच. मंडळातल्या कोल्हापूरकरांनी तिथल्या रांगेत कधी ना कधी उभे राहिलेच असेल.

त्या नोव्हेंबर 1886 मध्ये मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयाने पोखरलेल्या होत्या. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. ज्या स्त्री-विभागासाठी सारा खटाटोप केला, त्यातली एकही रुग्ण त्यांच्या हातून तपासली गेली नाही.

वर्गात इथे शांतता पसरते. मग एखादा मुलगा विचारतोच, की मग मॅडम, उपयोग काय झाला? त्याला मी रखमाबाई सांगते. नको असलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच रखमाबाई. 1889 मध्ये त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोट इथे तीस-पस्तीस वर्षे बायकांची बाळंतपणे करत राहिल्या. आनंदीबाई बोटीत बसल्या तेव्हा जी वाट नव्हती, ती सहा वर्षांनी निदान माहितीची झाली होती. आणि पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये छापले. त्याची प्रस्तावना डीन बॉडलींनी लिहिली.

त्या मागच्या बाकावरच्या मुलीला मी काय उत्तर दिले, ते सांगायचे राहिले. मी म्हटले, की सुरुवात नवऱ्याची होती. पण बोटीत एकटी बसली ती ती, थंडीत तापाने फणफणत शरीरशास्त्र पाठ केले ते तिने, आणि प्रबंधाचा विषय निवडला तोही तिने. गोपाळराव त्यातले काहीही तिच्या वतीने करू शकत नव्हते. मुलगी म्हणाली, की माझेही पप्पांनीच ठरवले आहे. ती आता अंतिम वर्षाला आहे आणि बालरोग विभागात तिचे बरे चालले आहे, एवढे मला तिथल्या सहकाऱ्यांकडून कळते.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कारपेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठी पकिप्सी नावाचे गाव आहे. तिथल्या दफनभूमीत मावशींच्या घराण्याच्या जागेत त्या ठेवल्या आहेत, आणि दगडावर इंग्रजीत नाव, पदवी आणि 1865-1887 ही साले कोरली आहेत. प्रवेशाचे ते पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांची मुले न्यू जर्सीत आहेत, आणि दिवाळीनंतर आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. एडिसनहून पकिप्सी गाडीने दोन तासांच्या आसपास पडते. नायगारा सगळेच बघतात, एक दिवस इकडेही काढावा. मी अजून गेलेले नाही. जो कोणी जाईल त्याने फोटो काढून आणावा, आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात लावायचा आहे.